छोट्या कॉलेजात तत्त्वज्ञान आणि धर्मांचा अभ्यास: पहिल्या सत्रापासून शेवटच्या वर्षापर्यंत

छोट्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभाग म्हटला की बहुधा दोन किंवा तीन प्राध्यापक आणि वर्गात दहाच्या आत विद्यार्थी. पुष्कळ ठिकाणी धर्मांचा अभ्यास हा विषयही त्याच विभागाला जोडलेला असतो, कारण दोन वेगळे विभाग चालतील एवढे विद्यार्थी नसतात. नवख्या विद्यार्थ्याला हे अपुरं वाटतं. मोठ्या विद्यापीठाच्या यादीत पानंच्या पानं भरून विषय दिसतात, इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही पदवीसाठी हे दोन विषय शिकायचे असतील तर छोटा विभाग ही उत्तम जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. या विषयांत शिकणं म्हणजे आपलं म्हणणं कुणासमोर तरी मांडणं, ‘कशावरून?’ हा प्रश्न झेलणं आणि मग तेच म्हणणं सुधारून पुन्हा मांडणं. दोनशे जणांच्या सभागृहात ती वेळ क्वचितच येते. सहा जणांच्या वर्गात ती दर आठवड्याला येते आणि टाळता येत नाही. पण त्याचा फायदा आपोआप होत नाही. पहिल्या सत्रापासून काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात.

पहिले दोन आठवडे

माहितीपुस्तकातली यादी बाजूला ठेवा आणि मागच्या दोन-तीन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं मिळवा. छापलेले सगळे पेपर दरवर्षी शिकवले जात नाहीत. छोट्या विभागात ते आलटून पालटून, बरेचदा एक वर्षाआड लागतात. कोणता पेपर कधी लागला होता हे एका कागदावर मांडलं की तुमच्या वाट्याला तो कोणत्या सत्रात येईल याचा अंदाज येतो. मग विभागप्रमुखांना तो कागद दाखवून विचारा, ‘हे बरोबर आहे का? पुढच्या वर्षी कुणी रजेवर जाणार आहे का?’ तीन जणांच्या विभागातला एक माणूस वर्षभराच्या अभ्यासरजेवर गेला, की त्याचे सगळे पेपर एक तर पुढे जातात किंवा तात्पुरत्या शिक्षकाकडे जातात. हे आधी माहीत असलेलं बरं.

तर्कशास्त्राचा पेपर पहिल्याच संधीला घ्या. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून तो सोडला, तर एक वर्षाआडच्या हिशेबात तो पुन्हा येईपर्यंत पदवीचा बराचसा अभ्यास त्याच्याविना झालेला असतो. आणि तर्कशास्त्राविना तुम्हाला एक साधा फरक पुन्हा पुन्हा अडवत राहील. युक्तिवादाची रचना बरोबर असणं ही एक गोष्ट आणि त्यातली विधानं खरी असणं ही दुसरी. ‘सगळे मासे उडतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा उडतो’ यात रचना निर्दोष आहे, आधारविधानं दोन्ही खोटी आहेत. वर्गातल्या अर्ध्या वादांत एक जण रचनेबद्दल बोलत असतो आणि दुसरा विधानांच्या खरेपणाबद्दल, आणि दोघांनाही ते कळलेलं नसतं.

त्यानंतर प्रत्येक प्राध्यापकाला त्यांच्या भेटीच्या वेळेत एकदा तरी भेटून या. ‘सर, मार्गदर्शन करा’ म्हणून जाऊ नका, त्यावर काय बोलावं हे त्यांनाही कळत नाही. पहिल्या आठवड्याच्या वाचनातला एखादा परिच्छेद घेऊन जा आणि ‘इथून इथपर्यंत समजलं, इथे अडलो’ असं बोट ठेवून दाखवा. जाता जाता त्यांचा स्वतःचा अभ्यास कशावर आहे तेही विचारा. छोट्या विभागाचा आकार ठरतो तो तिथल्या माणसांवरून. एक मॅडम ग्रीक तत्त्वज्ञानातल्या, एक सर बौद्ध परंपरेतले, एक जण नीतिशास्त्रातले, तर विभाग म्हणजे तेवढंच. त्यात काय नाही, याचीही एक यादी करा. तिचा उपयोग तिसऱ्या वर्षी होईल.

एकच मजकूर, दोन वाचनं

जोडविभागात येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो या दोन विषयांमध्ये. तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारलं जातं की हे खरं आहे का आणि त्याला आधार काय. धर्मांच्या अभ्यासात विचारलं जातं की हे कोण म्हणतं, कधी, कुठे, कुणाला उद्देशून, आणि म्हणताना काय करतं. तिसरीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे एखाद्या धर्माच्या आत उभं राहून त्याच्या श्रद्धेची मांडणी करणारं धर्मशास्त्र. कॉलेज धार्मिक संस्थेचं असेल तर तेही शिकवलं जातं. तुम्ही बसला आहात तो तास यांपैकी कशाचा आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

एका मजकुरावर दाखवतो. ॲन्सेल्म हा ख्रिस्ती मठवासी. त्याने १०७७-७८ च्या सुमारास नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात ‘प्रोस्लोगियन’ हे छोटं पुस्तक लिहिलं. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत त्यातली बहुधा दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतची प्रकरणं छापतात, कारण ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रसिद्ध युक्तिवाद तिथे आहे. पायऱ्या अशा मांडता येतात:

१. ज्याहून मोठ्या कशाचा विचारच करता येत नाही असं काहीतरी, ही कल्पना ‘ईश्वर नाही’ म्हणणाऱ्यालाही समजते.
२. समजते, म्हणजे ते त्याच्या मनात आहे.
३. नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षातही असणं मोठं.
४. ते फक्त मनात असेल, तर त्याहून मोठ्याचा विचार करता येईल.
५. पण त्याहून मोठ्याचा विचार करताच येत नाही, असं आपण म्हटलं होतं. म्हणून ते प्रत्यक्षातही आहे.

सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे. मूळ लॅटिनमध्ये ही पायरी एका लांब वाक्याच्या शेवटी फक्त तीन शब्दांत येते: ‘जे मोठं आहे’ एवढाच त्यांचा अर्थ. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटतेच. सातशे वर्षांनी, १७८१ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कांटने नेमकं तिथेच बोट ठेवलं. अस्तित्व हा वस्तूत भर घालणारा गुण नाही, असं त्याचं म्हणणं. ॲन्सेल्मच्या काळातच गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवाशाने वेगळा आक्षेप घेतला होता. याच रीतीने सर्वांत उत्तम बेटही अस्तित्वात असल्याचं सिद्ध होईल, असं तो म्हणाला. यात कोणती पायरी चुकली हे गॉनिलो दाखवत नाही. एवढंच दाखवतो की ही रीत नको ते सिद्ध करते. आक्षेप घेण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही तुम्हाला आयुष्यभर पुरतील. ॲन्सेल्मने गॉनिलोला उत्तर लिहिलं आणि आक्षेप व उत्तर दोन्ही आपल्या पुस्तकाला जोडायला सांगितलं. आपल्यावरची टीका आपल्याच पुस्तकात ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता तेच पुस्तक धर्मांच्या अभ्यासाच्या तासाला उघडा. पाठ्यपुस्तकाने वगळलेलं पहिलं प्रकरण ही एक दीर्घ प्रार्थना आहे. जवळजवळ सगळं पुस्तक ईश्वराला उद्देशून, ‘तू’ म्हणत लिहिलेलं आहे. ‘ईश्वर नाही’ असं मनात म्हणणारा मूर्ख आला आहे तो बायबलमधल्या स्तोत्रातून, आणि ती स्तोत्रं मठात रोजच्या प्रार्थनेत म्हटली जात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांच्या तोंडी ते वाक्य कायमचं बसलेलं होतं. त्यांना ईश्वर असल्याची शंका नव्हती. मग त्यांना युक्तिवाद कशाला हवा होता? पुस्तकाला ॲन्सेल्मने आधी दिलेलं नाव ‘समज शोधणारी श्रद्धा’ अशा अर्थाचं होतं, त्यात या प्रश्नाचा धागा सापडतो.

पहिलं वाचन खरं आणि दुसरं दुय्यम, किंवा उलट, असं समजू नका. मोठ्या विद्यापीठात ही दोन वाचनं दोन वेगळ्या इमारतींत होतात आणि एका विद्यार्थ्याला दोन्ही मिळतीलच असं नाही. तुमच्या विभागात ती शेजारच्या दोन खोल्यांत होतात. एकाच ग्रंथावर दोन्ही प्राध्यापकांशी बोला. जोडविभागाचा खरा लाभ हाच आहे, आणि तो न घेता पदवी घेऊन जाणारे पुष्कळ असतात.

वाचायचं कसं

आठ पानं वाचायला दोन तास लागले तर ते साहजिक आहे. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता सलग वाचा आणि लेखक शेवटी कुठे पोहोचतो एवढंच पाहा. दुसऱ्यांदा वर केल्या तशा क्रमांकित पायऱ्या वहीत उतरवा, स्वतःच्या शब्दांत. तिसऱ्यांदा प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारा: ही कुणी नाकारली तर लेखक काय म्हणेल? ओळी रंगवण्यात वेळ घालवू नका. रंगवलेलं पान पाहून काम झाल्याचं समाधान मिळतं, समज मात्र येत नाही.

एक तांत्रिक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकून घ्या, कारण कुणी वेगळी शिकवत नाही. जुन्या ग्रंथांचे संदर्भ पान क्रमांकाने देत नाहीत, कारण प्रत्येक आवृत्तीत पानं बदलतात. प्लेटोसाठी १५७८ च्या एस्तिएन आवृत्तीतले क्रमांक आणि अक्षरं वापरतात. ‘युथिफ्रो’ हा प्लेटोचा एक संवाद. ‘युथिफ्रो १०ए’ म्हटलं की जगातल्या कुठल्याही भाषांतरात तीच जागा सापडते. एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते की देवांना आवडते म्हणून पवित्र, हा सॉक्रेटिसचा प्रश्न तिथे आहे. ॲरिस्टॉटलसाठी बेकरच्या १८३१ च्या आवृत्तीचे क्रमांक. कांटच्या पहिल्या ‘क्रिटिक’साठी, म्हणजे ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’साठी, १७८१ आणि १७८७ या दोन आवृत्त्यांची ए आणि बी अशी पानं. अस्तित्वाबद्दलचं वरचं म्हणणं ‘ए ५९८/बी ६२६’ इथे सापडतं. सूत्रग्रंथांना अध्याय, आह्निक (म्हणजे अध्यायाचा भाग), सूत्र असे क्रमांक असतातच. भाषांतर विकत किंवा वाचायला घेताना समासात हे क्रमांक आहेत ना, हे पाहूनच घ्या.

आणि शक्य तिथे एकाच उताऱ्याची दोन भाषांतरं शेजारी ठेवा. ती जिथे वेगळी होतात तिथे मूळ मजकूर अवघड आहे, हे मूळ भाषा न येताही कळतं. धर्मांच्या अभ्यासात पुढे जायचं असेल तर पाली, संस्कृत, अरबी, हिब्रू, ग्रीक यांपैकी एक भाषा लागणारच, आणि ती कॉलेजात शिकवत नसतील तर सुट्टीतल्या वर्गांची चौकशी पहिल्याच वर्षी करा. भाषेला वर्षं लागतात.

सहा जणांच्या वर्गात

इथे लपायला जागा नाही. वाचून आला नाहीत तर ते पाच मिनिटांत कळतं, आणि तुमच्यामुळे इतर पाच जणांचाही तास फुकट जातो. म्हणून येताना एक प्रश्न लिहून आणा. ‘हे पटलं नाही’ हा प्रश्न होत नाही. ‘तिसऱ्या पायरीत लेखक अमुक गृहीत धरतो, ते नाकारलं तर चौथी पायरी पडते का?’ हा प्रश्न होतो.

वर्गात कसं बोलावं याचे नियम न्यायसूत्रांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, फार पूर्वी घालून दिले आहेत. पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य कळावं म्हणून दोन्ही बाजूंनी प्रमाणं (ज्ञानाची साधनं) आणि तर्क मांडून होतो तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल आणि फसवे आक्षेपही चालतात तो जल्प. स्वतःचा काहीच पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडायचा, ती वितंडा. पहिल्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्यांना वितंडेची फार ओढ असते, कारण ती सोपी आहे आणि तीत हार होत नाही. तिच्यापासून दूर राहा. आक्षेप घेतलात की लगेच सांगा, ‘मग माझं म्हणणं असं आहे.’

त्याच परंपरेतली दुसरी शिस्त पूर्वपक्षाची. खोडायचं ते मत आधी स्वतः मांडायचं, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हटल्याखेरीज उत्तर द्यायचं नाही, हा नियम वर्गात एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून पाहा. तासाचा वेग निम्म्यावर येतो आणि तो तास लक्षात राहतो.

छोट्या वर्गाची एक अडचण खरी आहे. तेच पाच चेहरे तुम्हाला तीन वर्षं भेटणार असतात. कोण काय बोलणार हे दुसऱ्या वर्षी सगळ्यांना पाठ होतं. यावर उपाय म्हणजे बाजू बदलणं. ज्या मताला तुमचा कायम विरोध असतो, त्याची बाजू एका तासापुरती तुम्ही लढवा. आणि विषयाबाहेरचे विद्यार्थी, म्हणजे भौतिकशास्त्राचे, वाणिज्याचे, महिन्यातून एकदा चर्चेला बोलवा. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ ही विद्यापीठातली कुणी नव्हती. १६४३ मध्ये तिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारलं की आत्मा जर विस्तार नसलेला केवळ विचार करणारा पदार्थ असेल, तर तो शरीराला हलवतो कसा. त्या प्रश्नाला देकार्तला अखेरपर्यंत समाधानकारक उत्तर देता आलं नाही, असं आजही बहुतेक अभ्यासक मानतात.

निबंध

परीक्षेच्या सवयीने आपण लिहितो: ‘प्रस्तुत निबंधात मी ॲन्सेल्मच्या युक्तिवादाचा ऊहापोह करणार आहे.’ या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘गॉनिलोचा बेटाचा आक्षेप ॲन्सेल्मला लागू पडत नाही, कारण बेट कितीही उत्तम असलं तरी त्याहून उत्तम बेटाची कल्पना करता येते, पण त्यामुळे तिसरी पायरी सिद्ध होत नाही.’ आता वाचणाऱ्याशी वाद सुरू झाला. (यातला पहिला भाग माझा नव्हे. विसाव्या शतकात ॲल्विन प्लांटिंगा यांनी ही दिशा मांडली. निबंधात असं कुणाचं ऋण असेल तर ते तिथल्या तिथे सांगायचं असतं.)

लांबीचा धाक बाळगू नका. एडमंड गेटियर यांचा १९६३ चा लेख छापील तीन पानांचा आहे. खरं आणि सकारण मानलेलं मत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या त्यांनी दोन उदाहरणांनी मोडून दाखवली. ज्ञानमीमांसेचा विषय त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. पहिल्या वर्षी एकच दावा, त्याची दोन कारणं, एक गंभीर आक्षेप आणि त्याला उत्तर, एवढं पाचशे-सहाशे शब्दांत जमलं तरी पुष्कळ झालं.

कच्चा मसुदा मुदतीच्या आठवडाभर आधी प्राध्यापकांना दाखवता येईल का, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. दीडशे निबंध तपासणाऱ्याला ते शक्य नसतं. आठ तपासणाऱ्याला असतं, आणि बहुतेकांना ते आवडतंही. मसुदा परत आला की लाल खुणा दुरुस्त करून थांबू नका. ‘हे कशावरून?’ असा शेरा जिथे असेल, तो परिच्छेद कोऱ्या कागदावर नव्याने लिहा. माझ्या मते पदवीच्या वर्षांत याहून मोलाचा सराव दुसरा नाही.

श्रद्धा, अश्रद्धा आणि निरीक्षण

धर्मांच्या अभ्यासाला बसताना श्रद्धावान विद्यार्थ्याला भीती असते की आपली श्रद्धा सोलून काढतील, आणि नास्तिक विद्यार्थ्याला वाटतं की इथे भजनकीर्तनच चालणार. दोन्ही होत नाही. तासाला तुमच्या श्रद्धेची कबुली कुणी मागत नाही. मागितली तर ती न देण्याचा तुम्हाला हक्क आहे. अपेक्षा एकच: दुसऱ्याच्या धर्माचं वर्णन असं करा की त्या धर्माच्या माणसाला ते वाचून आपलं वाटावं, आणि नंतर विश्लेषण असं करा की ते फक्त त्याच्यापुरतं खरं राहू नये. स्वतःच्या धर्माबद्दल लिहिताना हे जास्त कठीण जातं, कारण आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असेल असं आपण धरून चालतो.

या विषयाचे दोन जुने रस्ते लवकर ओळखीचे करून घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचं १९०२ चं पुस्तक एकट्या माणसाच्या आंतरिक अनुभवाला धर्माचा गाभा मानतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांचं १९१२ चं पुस्तक समूह, विधी आणि पवित्र-अपवित्राची विभागणी यांना. जेम्स लोकांनी लिहून ठेवलेल्या आत्मकथनांवर विसंबले. दुर्खीम यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल लिहिलं, पण ते स्वतः तिथे कधी गेले नाहीत, इतरांचे अहवाल त्यांनी वापरले. जो पुरावा हाती आला त्याने प्रत्येकाच्या सिद्धान्ताला कसा आकार दिला, हा पहिल्या वर्षाच्या निबंधाला उत्तम विषय आहे.

मग प्रत्यक्ष निरीक्षण. ज्या प्रार्थनास्थळाशी तुमचा संबंध नाही अशा एखाद्या ठिकाणी परवानगी घेऊन जा, मागे बसा आणि न विचारता फोटो किंवा ध्वनिमुद्रण करू नका. त्याच दिवशी टिपणं लिहून काढा. पानाच्या मधोमध रेघ मारा: डावीकडे दिसलं-ऐकू आलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. ‘लोक मनापासून प्रार्थना करत होते’ हे उजवीकडे जाईल. डावीकडे जाईल ते असं: ‘पुढच्या रांगेतल्या म्हातारबाईंचे ओठ पुस्तकाकडे न पाहता हलत होते. मागचा तरुण दर वेळी इतरांकडे पाहून अर्धा क्षण उशिरा उठत होता.’ दुसऱ्या टिपणातून काहीतरी शोधता येतं. कुणाला हे पाठ आहे, कोण नवीन आहे, नवा माणूस शिकतो कसा.

काय पाहावं हे सुचत नसेल तर निनियन स्मार्ट यांची सात अंगांची यादी हाताशी ठेवा: विधी, अनुभव, कथा, सिद्धान्त, नीती-नियम, संघटना आणि भौतिक वस्तू. स्मार्ट यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग उभा केला. पहिल्या भेटीत बहुतेक जण सिद्धान्त शोधायला जातात आणि चपला कुठे काढतात, कोण कुठे बसतं, पैशांचा हिशेब कोण ठेवतं हे पाहायचं विसरतात. यादी तेवढ्यासाठीच वापरा. जगातला प्रत्येक धर्म सात खणांत बसतो असं मात्र धरून चालू नका.

जे विभागात नाही ते

पहिल्या आठवड्यातली ‘काय नाही’ची यादी आता काढा. छोट्या ग्रंथालयात हवं ते पुस्तक नसणार, पण ग्रंथपालांशी ओळख असेल तर ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं. बरेच विद्यार्थी ही सोय असल्याचं विचारतही नाहीत. ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ १९९५ पासून इंटरनेटवर मोफत आहे, नोंदी त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या आणि तपासलेल्या असतात. नोंद वाचायची, पण तिच्यावर निबंध लिहायचा नाही. तिच्या शेवटच्या ग्रंथसूचीतून दोन लेख निवडून ते वाचायचे. जुने, प्रताधिकार संपलेले ग्रंथ ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मिळतात. मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली सुरू झालेली पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची भाषांतरमाला त्यातलीच. ती वापरताना भाषांतरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत हे ध्यानात ठेवा आणि शक्य तर नवं भाषांतर शेजारी घ्या.

आणि जो पेपर विभागात नाही, तो कधी कधी तुम्हाला मागता येतो. एका विद्यार्थ्यासाठी एका प्राध्यापकाने सत्रभर वाचन घ्यायचं, दर पंधरवड्याला भेटायचं आणि शेवटी निबंध, अशी सोय पुष्कळ छोट्या कॉलेजांत असते. ती मिळवायची रीत ठरलेली आहे. एका पानाचा प्रस्ताव लिहा: प्रश्न कोणता, कोणते तीन-चार ग्रंथ किंवा लेख, किती भेटी, शेवटी काय लिहून देणार. ‘मला अस्तित्ववाद शिकायचा आहे’ याला नकार येईल. ‘बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने प्रमाणांवर घेतलेला आक्षेप आणि त्याला न्यायदर्शनाचं उत्तर’ याला होकार येण्याची शक्यता बरीच आहे. मात्र प्राध्यापकांना हे काम बऱ्याचदा कामाच्या तासांबाहेर करावं लागतं. म्हणून एकही भेट बुडवू नका आणि तयारी न करता जाऊ नका.

अडचणी येतात त्या

दोन-तीन शिक्षकांच्या विभागात एकाचं मत सगळ्यांचं मत होऊन बसू शकतं. सरांना कांट आवडतो म्हणून तीन वर्षांत सगळे कांटवादी होतात. तसं होतंय असं वाटलं तर प्रत्येक सत्रात त्यांच्या आवडत्या विचारवंताचा एक कडवा टीकाकार स्वतःहून वाचा आणि त्याच्यावर त्यांनाच प्रश्न विचारा. चांगला शिक्षक खूश होतो. एखाद्या शिक्षकाशी पटेनासं झालं तर ते अधिक अवघड, कारण पर्याय कमी. तेव्हा सगळं लेखी ठेवा आणि विषय सोडण्याचा निर्णय घेण्याआधी विभागातल्या दुसऱ्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोला.

विद्यार्थी कमी झाले की असे विभाग दुसऱ्या विभागात मिसळले जातात किंवा बंद होतात, हेही खरं आहे. प्रवेशाच्या वेळी थेट विचारा: विभाग बंद झाला तर आधी प्रवेश घेतलेल्यांना पदवी पूर्ण करता येईल का? हे उत्तर तोंडी न घेता लेखी घ्या.

शेवटचं वर्ष

पुढे शिकायचं असेल तर प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी लेखनाचा नमुना मागतात. तो शेवटच्या क्षणी तयार होत नाही. दुसऱ्या वर्षातला तुमचा सगळ्यात बरा निबंध निवडा, त्याच्यावरच्या शेऱ्यांसकट, आणि शेवटच्या वर्षात तो वाढवून पुन्हा लिहा. विभागाबाहेरच्या एखाद्याला तो वाचायला द्या, कारण तुमच्या सरांना तुम्ही न लिहिलेलंही समजतं.

शिफारसपत्रांच्या बाबतीत छोट्या कॉलेजचा विद्यार्थी नशीबवान असतो. लिहिणाऱ्याने त्याला वर्षानुवर्षं बोलताना ऐकलेलं असतं. पण तीन वर्षांपूर्वीच्या तासाला तुम्ही काय म्हणालात हे त्यांच्या लक्षात असेलच असं नाही. पत्र हवं त्याच्या महिनाभर आधी भेटा. सोबत तुमचे दोन निबंध, ज्या अभ्यासक्रमांना अर्ज करताय त्यांची नावं आणि मुदती, आणि त्यांच्या तासातल्या ज्या चर्चेने तुमचं मत बदललं तिच्याबद्दल चार ओळी द्या. नोकरीसाठी अर्ज करत असाल तर कामाचं स्वरूप लिहून द्या, म्हणजे वाचन, मांडणी, विरोधी मत समजून घेणं यांतलं काय ठळक करायचं ते त्यांना ठरवता येईल. निकाल लागला की, होकार असो वा नकार, तो त्यांना कळवा.